दोन ओळींची जागा

फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच्या बातमीतले शेवटचे दोन परिच्छेद उडवत होते. दुपारचे अडीच वाजले होते, डेस्कवर अजून कुणाचा आवाज चढलेला नव्हता, शेजारच्या टेबलावर क्रीडावाला डबा खाऊन पेंगत होता. “मी शाळेतून बोलतेय, शाळेच्या अंकाची संपादक,” पलीकडून एक मुलगी म्हणाली. ‘संपादक’ हा शब्द तिने जरा थांबून, नवी चप्पल घालून पहिलं पाऊल टाकावं तसा उच्चारला. अंकाला तीस वर्षं होतायत, विशेष अंक निघतोय, त्यात माझा पाण्याच्या टाकीवरचा लेख पुन्हा छापायचाय, माझी परवानगी हवीय आणि एक फोटो. मी दोन्ही देऊन टाकलं. ती तेवढ्यावर थांबली असती तर मी पुन्हा कात्री चालवायला लागले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण मुलगी बोलकी निघाली. “मॅडम, तुमचं ते शेवटचं वाक्य आम्हाला पाठ आहे. अंक बघणाऱ्या बाई दर वर्षी पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहितात. ‘याबाबत विचारणा केली असता संबंधित कर्मचाऱ्याने बोलण्यास नकार दिला.’ म्हणतात, बघा, एक विशेषण नाही, तरी सगळं सांगून जातं.” मी “हो का” म्हटलं. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर हातातल्या पेनचं टोपण मी चावून चपटं केलं होतं. मला वाटत होतं की ते वाक्य त्या एका अंकाबरोबर रद्दीत गेलं. ते सत्तावीस वर्षं फळ्यावर राहत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. नकाशांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती, आधी तिच्यात मोडकी बाकं ठेवायचे. एक संगणक, एक लांब टेबल, डिंकाची बाटली, ब्लेडं, स्टीलची पट्टी. मजकूर छापून घ्यायचा, पट्ट्या कापायच्या, मोठ्या कागदावर चिकटवायच्या आणि पान चार वाजता छापखान्यात पाठवायचं. चार म्हणजे चार, कारण छापखानेवाला सव्वाचारला दुसऱ्याचं काम लावायचा. चार पानांचा महिन्याचा अंक, पण बाई त्याला ‘आपला पेपर’ म्हणायच्या आणि आम्हीही म्हणायला लागलो. त्या खोलीत येईपर्यंत मी कुणीच नव्हते, हे मी उगाच लाडाने म्हणत नाही. वर्गात माझं नाव हजेरीपुरतं होतं. घरी आई मला प्रेमाने ‘मुकं’ म्हणायची आणि मला ते खरंच वाटायचं. बाईंनी मला नववीत असताना आत घेतलं ते केवळ अक्षर बरं म्हणून. पहिल्या महिन्यात मी तीन ओळींची सूचना लिहिली: निळ्या झाकणाची बाटली सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. अंक निघाल्यावर दुसऱ्या दिवशी एक दांडगा मुलगा आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि अजिजीने म्हणाला, “ती बाटली माझी आहे.” आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिल्यामुळे कुणीतरी चालत आलं होतं. मी त्याला विचारलं, झाकणावर कसला ओरखडा आहे ते सांग. गरज नव्हती. पण प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली आणि डोक्यात भिनली. मग मी विचारत सुटले. ग्रंथालय शनिवारी बंद का, मैदानाचं अर्धं कुंपण कुठे गेलं, गणिताचे सर दोन महिने का नाहीत. मुकं बोलायला लागलं. बाई माझ्या मजकुरावर लाल पेनाने फुल्या मारायच्या, ‘कशावरून?’ असं समासात लिहायच्या, आणि त्या प्रत्येक ‘कशावरून’साठी मी जिने चढत-उतरत असायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस मोजायला घेतले तर ते तेवढेच भरतील.

टाकीचा लेख दहावीतला. आठवीच्या दोन वर्गांतली अर्धीअधिक मुलं पोट बिघडून घरी बसली होती आणि शाळेत म्हणत होते, हवा वाईट आहे. मी हजेरीपत्रकं पाहिली. आजारी मुलांचे वर्ग सगळे एकाच मजल्यावरचे, एकाच नळावर पाणी पिणारे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी शोधून काढलं होतं, आणि त्याचा अभिमान मला आजही वाटतो, काय करू. मग मधल्या सुट्टीत गच्चीच्या लोखंडी शिडीवरून वर गेले. टाकीचं झाकण अर्धं फुटलेलं होतं. त्यावर पत्र्याचा एक तुकडा ठेवून वर वीट ठेवलेली होती, पण पत्रा सरकला होता. आत पाण्यावर पिसं तरंगत होती आणि कोपऱ्यात एक कबुतर होतं, फुगलेलं. मी खाली आले, ओकले, तोंड धुवायला त्याच नळाशी गेले आणि हात मागे घेतला. पत्रा आणि वीट मी पाहिली होती, हे सांगून ठेवते. कुणीतरी झाकायचा प्रयत्न केला होता. लेखात मी लिहिलं, ‘टाकीवर झाकण नाही.’

टाकी, नळ आणि घंटा ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे होती. आम्ही त्याला नळकाका म्हणायचो. बुटका, पाठीत किंचित वाकलेला, खिशात कायम चामड्याच्या चकत्या, कुठला नळ ठिबकला की तिथल्या तिथे बदलायला. मुलांशी फार बोलायचा नाही. घंटा मात्र अशी द्यायचा की लोक त्यावर घड्याळं लावायचे. मी त्याला गाठलं तेव्हा तो जिन्याखाली गुडघ्यावर बसून पाइपाला सुतळी गुंडाळत होता. मी वही काढली. “काका, टाकीत कबुतर मेलंय. टाकीचं काम तुमच्याकडे आहे ना? तुमचं काय म्हणणं आहे?” त्याने वर पाहिलं. माझ्याकडे आधी पाहिलंच नाही त्याने, वहीकडे पाहिलं. मग हात पॅंटला पुसले, उभा राहिला. मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसा. “हे छापून येणार का पोरी?” “हो.” त्याने वहीकडे पुन्हा एकदा पाहिलं. “मग असं तोंडी नको. उद्या मधल्या सुट्टीत ये. नाहीतर मीच येतो तुमच्या खोलीकडे. माझे कागद घरी आहेत. घेऊन येतो, मग तू वाचून काय ते लिही.” मी मान डोलावली. वहीत लिहिलं: ‘उद्या.’ ती वही मी नंतर कधी उघडली नाही, पण तो शब्द कोणत्या पानावर कुठे आहे ते मला डोळे मिटून दाखवता येईल.

पान त्याच दिवशी चार वाजता जायचं होतं. हे मला त्याच्याशी बोलताना माहीत होतं आणि मान डोलावतानाही माहीत होतं. सव्वातीनला पट्ट्या चिकटवून झाल्या आणि माझा लेख दोन ओळींनी कमी पडला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना दोन ओळी कमी पडणं म्हणजे काय ते कळायचं नाही. सगळं पान भरलेलं असतं आणि एका कोपऱ्यात तेवढीच पांढरी जागा, जेवणाऱ्यांच्या पंगतीत एक रिकामं ताट असावं तशी. नजर तिथेच जाते. बाईंनी पट्टी लावून पाहिली. “दोन ओळी हव्यात. आणि त्याची बाजू कुठे आहे? विचारलंस ना त्याला?” “विचारलं.” “मग?” बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्यातला काटा मला उलटा दिसत होता. मी म्हणू शकले असते की उद्या देतो म्हणाला. बाईंनी मग काय केलं असतं? बहुतेक लेख काढून पुढच्या महिन्यात ढकलला असता, कारण बाई तशा होत्या, आणि त्या जागी स्नेहसंमेलनाचा फोटो लावला असता. पुढच्या महिन्यापर्यंत टाकी धुतली गेली असती, मुलं बरी झाली असती आणि माझी बातमी शिळी झाली असती. “बोलत नाहीत ते,” मी म्हटलं. “नाही म्हणाले?” “हो.” “मग तसं लिही. पण नीट लिही, टोमणा नको.” मी खुर्चीत बसले आणि ते वाक्य एका दमात उतरलं. याबाबत विचारणा केली असता संबंधित कर्मचाऱ्याने बोलण्यास नकार दिला. छापून आणलं, कापलं, डिंक लावला. दोन ओळींत चपखल बसलं. बाई वाकून वाचत होत्या, मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि ‘कशावरून?’ असं त्यांनी त्या एकाच वाक्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आला. अंक सकाळीच वाटून झाला होता, सगळ्या शाळेच्या हातात होता. त्याने पाहिला होता की नाही, मला आजही माहीत नाही. खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काचेची एक पट्टी होती. तिच्यातून मला त्याचं डोकं दिसलं. पाणी लावून केस बसवलेले होते. शर्ट इस्त्रीचा होता. मी टेबलाच्या टोकाला, काचेतून दिसणार नाही अशा ठिकाणी सरकले. तिथून खालच्या फटीतून त्याच्या चपला आणि हातातल्या पिशवीचा तळ दिसत होता, जाड प्लास्टिकची पांढरी पिशवी, आत कागदांची चौकोनी कड. त्याने दार वाजवलं नाही. एकदा खाकरला. मी आत एकटीच होते आणि श्वास रोखून बसले होते, जणू खोलीत कुणी नसल्याचं दाखवायचं होतं. बाहेर मुलं पळत होती, ओरडत होती. सुट्टी वीस मिनिटांची, तो वीस मिनिटं उभा राहिला. मग मला वाटलं, आता घंटा होईल. ती झाली नाही. घंटा देणारा माणूस माझ्या दाराशी उभा होता. चार मिनिटं ती शाळा घंटेवाचून तशीच चालू राहिली, कुणाला कळेना वर्गात जायचं की नाही. मग चपला वळल्या, घाईने गेल्या, आणि लांबून घंटा ऐकू आली, नेहमीपेक्षा जास्त जोरात. दार उघडायला मला चार पावलं चालायची होती. मी ती का चालले नाही याची कारणं मी पुढे बरीच जमवली: लहान होते, घाबरले होते, अंक तर निघूनच गेला होता. सगळी खरी आहेत, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नाही.

पुढच्या अंकात ‘कानावर आलं’ नावाच्या सदरात एक ओळ आली: ‘पाणी तर बिघडलंच होतं, आता घंटेचंही पोट बिघडलं म्हणे.’ सगळी शाळा हसली. ती ओळ माझी होती. मला वाटतं, हसू आलं की ते प्रकरण हलकं होईल असं मला वाटलं असावं; आणि थोडंसं असंही असावं की मला ती ओळ आवडली होती. शाळेच्या समितीने चौकशी केली. नळकाकांना घरी बसवलं. सूचनाफलकावर आदेश लागला होता, त्यात कामातला हलगर्जीपणा होता, घंटेला झालेला उशीर होता, आणि ‘विद्यार्थिनीने विचारणा केली असताही खुलासा केला नाही’ हेही होतं. माझ्या वाक्याला पाय फुटून ते फलकापर्यंत गेलं होतं. मला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. आईने लेख दोनदा वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “नाही का म्हणाला गं तो?” मी म्हटलं, “नाही म्हणाला म्हणजे नाही म्हणाला.” “तसं नाही,” आई म्हणाली, “एवढ्याशा पोरीला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून विचारलं.” मग तिने अंकाची नीट घडी घालून तो माझ्या प्रमाणपत्रांच्या खणात ठेवला. त्यानंतर तिने मला कधी मुकं म्हटलं नाही.

मंगळवारच्या त्या फोननंतर मी दोन दिवस कामात चुका केल्या. एका मंत्र्याचं खातं बदललं, एका मृताचं वय वाढवलं. डेस्कवर माझी ख्याती अशी की माझ्या हाताखालून चूक जात नाही. वार्ताहर फोन करतात, पाच मिनिटं राहिलेली असतात, मी विचारते, समोरच्याची बाजू? ते म्हणतात, फोन उचलत नाही, आणि मी टाइप करते: संपर्क होऊ शकला नाही. किती वेळा केला असेल? त्यातल्या किती जणांचा फोन खरोखर वाजला असेल? कितीजण म्हणाले असतील, जरा थांबा, कागद घेऊन येतो? मी कधी विचारलं नाही. बाईंचा तो लाल ‘कशावरून’ मी सगळ्यांच्या मजकुरावर वापरला आणि हे एक वाक्य मात्र कायम सोडून दिलं, दाराशी उभ्या असलेल्या ओळखीच्याला न विचारता आत सोडावं तसं. लोक म्हणतात, शाळेच्या पेपरनेच तुम्हाला घडवलं. घडवलंच. तिथे जे शिकले त्यावरच आजवर पोट भरतेय.

गुरुवारी सकाळी मी खुलासा लिहायला बसले. जगभराचे खुलासे मी चार ओळींत बसवते, हा बसेना. लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. आधी त्यात सगळं होतं, पिशवी, इस्त्रीचा शर्ट, चार मिनिटं. मग वाटलं, एवढं कशाला, मुलांचा अंक आहे. पिशवी काढली. मग दार काढलं. शेवटी जे उरलं ते पाठवून दिलं: ‘या लेखातील शेवटचे वाक्य खरे नाही. संबंधित कर्मचाऱ्याने बोलण्यास नकार दिला नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले होते. याबद्दल मी दिलगीर आहे.’ पाठवल्यावर मला हलकं वाटलं. खोटं नाही सांगत, मी चहा मागवला आणि क्रीडावाल्याच्या एका फालतू विनोदावर हसलेही. उद्या ते छापायला जाईल, बाई ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिणार नाहीत, आणि निदान त्या एका जागी तरी खरं काय ते उभं राहील. मला त्याहून जास्त काही नको होतं, आणि तेवढं मात्र खरंच हवं होतं.

शुक्रवारी सव्वातीनला मुलीचा फोन आला. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज होता, कुणीतरी पट्टी कुठेय म्हणून विचारत होतं. “मॅडम, तुमचा खुलासा मिळाला. बाईंना दाखवला. त्यांनी तो लाल पेन हातात घेऊन वाचला. मग म्हणाल्या, छाप. पण म्हणाल्या, त्यांची बाजू घेतल्याशिवाय नको.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“म्हणून विचारते. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेला होतात का त्यांच्याकडे?”

“नाही.”

“मग त्यांना काय सांगायचं होतं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. कागदांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

“मॅडम, ते आहेत अजून,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता तसा झाला होता, मला ओळखीचा, जिने चढून आल्यावर होतो तसा. “मी आज मधल्या सुट्टीत चौकशी केली. आमच्या आत्ताच्या काकांना त्यांचं घर माहीत आहे. बाजाराच्या मागे राहतात, मुलीकडे. ऐकायला जरा कमी येतं म्हणे, बाकी ठणठणीत आहेत. मी जाऊन विचारू का? पण आज नाही होणार, चार वाजता पान जातं. उद्या सकाळी जाते. तुम्ही बाईंना सांगितलंत ना, की पान एक दिवस थांबवा, तर त्या ऐकतील. तुमचं ऐकतील.”

मला ते घर दिसत होतं. ही मुलगी वही घेऊन दारात उभी आहे, आणि तो हात पुसत उठतोय, आणि म्हणतोय, थांब, कागद आणतो. कपाटाच्या वरच्या फळीवर ती पिशवी असणार. फेकली नसणार त्याने. चकत्या खिशात जपणारा माणूस असे कागद फेकत नाही. टाकीचं झाकण फुटलंय, नवीन द्यावं, असे त्याचे किती अर्ज असतील, आणि प्रत्येकावर तारीख, माझ्या लेखाच्या आधीची. मग ही मुलगी विचारेल, तुम्ही त्यांना हे दाखवलं का नाही? आणि तो सांगेल. खाकरलो, सांगेल. वीस मिनिटं उभा होतो, सांगेल. आणि आणखी चार. कदाचित त्याला काचेच्या पट्टीतून मीही दिसले असेन. हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, थांबव पान. दोनच शब्द होते आणि ते मला येत होते.

“पान थांबत नसतं,” मी म्हटलं. “एवढं शिक आधी. चौकटीत किती जागा आहे?”

“माझ्याकडे? तुमचा खुलासा टाकून दोन ओळी उरतात.”

“मग लिहून घे. ‘याबाबत संबंधित कर्मचाऱ्यांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता, तो होऊ शकला नाही.’”

तिकडे पेन्सिल कागदावर चालली. मग थांबली. “पण मॅडम, आपण प्रयत्न केलाच कुठे?”

“तू चौकशी केलीस ना? तो प्रयत्नच झाला. तशीच लिहायची पद्धत आहे.”

ती गप्प झाली. त्या गप्प बसण्यात अजून सगळं शिल्लक होतं. ती म्हणू शकत होती, नाही मॅडम, मी जाते. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी मी कुणाला तरी म्हणत होते की तिने तसं म्हणावं, आणि त्याच दमात, तिने म्हणू नये. मग की-बोर्डचा आवाज आला, वेगाने. एका दमात उतरलं तिचंही.

“बसलं, मॅडम,” ती म्हणाली. आवाजात सुटका होती आणि थोडा आनंदही होता. “बरोबर दोन ओळींत बसलं.”

“छान,” मी म्हटलं.

तिच्या मागे शाळेची घंटा झाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. घंटा वेळेवर झाली होती.